बगिलाच्या जागी

अल्माती, ८ जानेवारी

बगिला,

हे पत्र मी माझ्या मनानं लिहीत नाहीये, ते आधीच सांगून टाकते. मला लिहायला लावलंय. दौरेननं. दौरेन म्हणजे इथल्या हिवाळी खेळांच्या उद्घाटन सोहळ्याचा दिग्दर्शक. वय एकतीस, डोक्यावर दिवसभर एकच पिवळी टोपी, घसा कायम बसलेला. तो म्हणाला, "कुल्याश आपा, बगिला आपा फोनवर नुसतं हो-हो म्हणतात. त्यांना पायऱ्या कुणीतरी नीट समजावून द्यायला हव्यात. तुम्ही त्यांच्या जुन्या मैत्रीण ना? मग तुम्हीच कळवा."

मी म्हटलं, "बाळा, मैत्री जुनी आहे खरी. इतकी जुनी की आता उरलेली नाही."

तो हसला. त्याला वाटलं, आपा विनोद करतायत.

फोन करता आला असता. पण माझ्या फोनवर तुझा नंबर मी बारा वर्षांपूर्वी बंद करून टाकलाय, आणि तो पुन्हा चालू कसा करतात ते मला येत नाही. पोरीला, अनेलला, विचारलं तर ती कारण विचारेल. म्हणून कागद.

तर ऐक. एकोणतीस तारखेला खेळ सुरू होणार. शेवटी मशाल कोण नेणार, ज्योत कोण पेटवणार, हे शहरात कुणाला माहीत नाही. टॅक्सीवाले पैजा लावतायत. माहीत आहे ते तुला, दौरेनला, वरच्या चार लोकांना, तालमीतल्या मोजक्या माणसांना, माझ्या घरच्या दोघांना आणि मला. मला, कारण तू येईपर्यंत तालमीत तुझ्या जागी मी चढते. रोज सकाळी नऊ ते बारा. शाळेतून रजा काढून दिलीय. इतक्या मोठ्या शहरात माझीच निवड का, तर म्हणे उंची तुझ्याएवढी, पाऊल तुझ्याएवढं, वयही तेच. पहिल्या दिवशी दौरेन लांबून ओरडला, "वा! मागून अगदी बगिला आपाच!"

पश्चिमेच्या दारातून आत यायचं. साठ पावलं सपाट. मग चौऱ्याण्णव पायऱ्या, लोखंडी, वर रबराच्या पट्ट्या. बत्तिसाव्या पायरीवर थांबून डावीकडे बघायचं, तिथं कॅमेरा असतो. हसायचं. ते तुला शिकवायला नको. मशाल दीड किलोची आहे. कोपर अंगापासून लांब ठेव, नाहीतर केस जळतील. वर कुंडामागे ग्रिगोरी नावाचा गॅसवाला लपून बसलेला असतो. तो "हं" म्हणाला की मशाल खाली टेकवायची. त्याचा "हं" ऐकू आला नाही, तर मनात चार मोजायचे आणि टेकवायची.

बाकी पायऱ्या सरळ आहेत. विशेष काही नाही.

पोशाख शिवून आला. पांढरा, गळ्याशी चांदीच्या धाग्यानं शिंगांची नक्षी. शिंपिणीनं मापं माझी घेतली आणि आतल्या पट्टीवर नाव तुझं टाचलं.

पत्र तुझ्याकडे पेत्रोपाव्लला जाणाऱ्या गाडीत, सहावा डबा सांभाळणाऱ्या बाईकडे देतेय. स्टेशनवरून घ्यायला दौरेन तुला फोनवर सांगणार आहे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

कुल्याश


अल्माती, १४ जानेवारी

बगिला,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी आणि एक सुकवलेला मासा. मासा सैतकालीनं एका बैठकीत संपवला. बोटं चाटत म्हणाला, "बघ, बगिलाला अजून आठवतंय मला काय आवडतं." लग्नाला तेवीस वर्षं झाली, मी रोज त्याला रांधून वाढते, त्याबद्दल कधी असं बोटं चाटून बोललेला आठवत नाही.

तुझ्या चार ओळी मी पाठ केल्यात. "एकेक पायरी केवढी उंच आहे? माझ्या उजव्या गुडघ्यात आता काही उरलेलं नाही. जिना धरून चढते. त्या दिवशी इंजेक्शन घेऊन निभावून नेईन. कुणाला बोलू नकोस, फक्त तुला सांगतेय."

फक्त तुला सांगतेय! बगिला, नेमके हेच शब्द सापडले तुला?

फिनलंड आठवतंय का, स्कीच्या रिलेला गेलो होतो ते? ती खेळाडूंची खोली, गरम नळीवर वाळत टाकलेले आपले आठ मोजे. संध्याकाळची वेळ. मी तुला सांगितलं होतं, मला तिसरा महिना आहे. सैतकालीलासुद्धा तोवर माहीत नव्हतं. मी म्हटलं होतं, "उद्याचा माझा टप्पा पळून घेते, पाचच किलोमीटर तर आहेत, मग सांगेन सगळ्यांना. तू बोलू नकोस. फक्त तुला सांगतेय." तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. सुकवलेल्या दह्याचं खारट कुरूत दिलंस चघळायला, मला मळमळत होतं म्हणून.

सकाळी आपल्या प्रशिक्षकानं, अर्नोल्ड याकोव्लेविचनं, यादी दारावर लावली. माझ्या नावावर निळ्या पेन्सिलीची रेघ, वर तुझं, राखीव मुलीचं, नाव. त्यानं मला एवढंच विचारलं, "मुली, तुला वेड लागलंय का?" तिसरा टप्पा तू पळालीस. देशाला तिसरा नंबर मिळाला. देशही तेव्हा नवा होता, त्याच्याकडे पदकं नव्हती, म्हणून त्या एका पदकाचा केवढा डंका झाला. मी खोलीत बसून तुझे मोजे घडी करत होते.

पुढच्या वर्षी अनेल तान्ही होती. त्याच्या पुढच्या वर्षी आपला क्लबच बंद पडला. तू उत्तरेला निघून गेलीस, तुला तिथं बोलावलं, मुलं शिकवायला दिली. मला शाळा मिळाली. त्या शाळेच्या व्यायामशाळेत तुझा मोठा फोटो आहे, छातीवर पदक, गालावर बर्फ. गेली एकोणीस वर्षं मी त्याच्याखाली उभी राहून शिट्टी वाजवते. दर सप्टेंबरला नवी मुलं विचारतात, "आपा, या कोण?" आणि मी सांगते. चांगलंच सांगते. वाईट सांगायला काय, मला येत नाही का?

सैतकाली म्हणतो, "तू संसार माझ्याशी थोडाच केलास? बावीस वर्षं बगिलाशीच करतेयस."

पायरी सतरा सेंटीमीटर उंच आहे. मोजून सांगितलंय.

कुल्याश


अल्माती, १९ जानेवारी

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. विसरले म्हणून नव्हे.

एकाहत्तरावी पायरी. तिच्याखालून गॅसची नळी गेलीय, नळी गोठू नये म्हणून तिला ऊब देतात. त्या उबेनं पायरीवरचा बर्फ विरघळतो आणि वाऱ्यानं पुन्हा गोठतो. काचेसारखा. खालून दिसत नाही, वर पाय ठेवल्यावरच कळतं. तालमीच्या दुसऱ्याच दिवशी मी तिथं पडले. मशाल विझलेली होती, म्हणून निभावलं. डावं मनगट सुजलं. हातमोजा चढवून गप्प बसले, कारण सांगितलं असतं तर दौरेननं मला घरी पाठवून दुसरी कुणी आणली असती. आणि तुझ्या जागी चढायला दुसरी कुणी आलेली मला चालणार नव्हती. बघ, कशी आहे मी.

ग्रिगोरीला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुला लिहायला हवं होतं. मी लिहिलं, पायऱ्या सरळ आहेत.

का, ते सांगते. गेले दोन आठवडे रोज दुपारी डबा खाताना मी तुला पडताना बघत होते. भरलेलं मैदान, तो पांढरा पोशाख, कॅमेरे, आणि तू एकाहत्तराव्या पायरीवर सपशेल आडवी. तुला मोठं काही व्हायला नको होतं, हाडबीड मोडायला नको होतं. नुसतं पडायला हवं होतं. आणि मग खालून मी धावत यायचं, मशाल उचलायची, उरलेल्या तेवीस पायऱ्या चढून जायचं. चित्रात मला माझी पाठसुद्धा दिसायची, ताठ. डब्यातले तळलेले बाउरसाक खाता खाता हे सगळं. तोंडातला घास गोड लागायचा.

तुझी गुडघ्याची गोष्ट कळल्यापासून ते चित्र बिघडलं. आता त्यात तू पडतेस, पण उठत नाहीस. मी खालून धावतच येत नाही, नुसती बघत राहते.

आज सकाळी ग्रिगोरीला हाताला धरून वर नेलं. त्यानं पायरीवर बूट घासून बघितला आणि मला शिव्या घातल्या. "दोन आठवडे झाले तुम्हाला कळून? तुम्ही शिकवता म्हणे पोरांना!" दुपारपर्यंत त्यानं नळीला जाड लोकरी नमद्याच्या तीन घड्या गुंडाळल्या आणि पायरीवर खडबडीत पत्रा ठोकला. मी त्यावर अकरा वेळा चढून उतरून पाहिलं. आता पाय सरकत नाही.

तेव्हा पायऱ्या आता खरंच सरळ आहेत. पण चौऱ्याण्णवच आहेत, आणि तुझा गुडघा आहे तोच आहे.

कु.


अल्माती, २३ जानेवारी

बगिला,

मी दौरेनला सांगितलं.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून आजच्याच गाडीनं पाठवतेय. तो विम्याचे कागद भरत बसला होता. सहज म्हणाला, "बगिला आपांची तब्येत उत्तम ना? इथं एक रकाना आहे." एवढंच. हो म्हणून निघून येता आलं असतं. मी म्हटलं, "तिचा उजवा गुडघा गेलाय. ती इंजेक्शन घेऊन चढणार आहे. चढू देऊ नकोस."

त्यानं टोपी काढली. पहिल्यांदाच पाहिलं, डोक्यावर पुढे केस नाहीत बिचाऱ्याच्या. विम्याचा कागद बाजूला सारला. मग म्हणाला, "सहा दिवस राहिलेत. पायऱ्यांची सवय असलेलं माणूस मी आता कुठून—"

"हो," मी म्हटलं.

"आपा, मी अजून विचारलंसुद्धा नाही."

"विचार मग."

"तुम्ही चढाल?"

"हो म्हटलं ना."

जरा आढेवेढे घ्यावेत, तुझं नाव काढून एखादा सुस्कारा टाकावा, यातलं मी काही केलं नाही. त्यानं वर फोन लावला, माझं नाव सांगितलं. तिकडून कुणीतरी विचारलं, "ही कोण?" दौरेन म्हणाला, "त्याच रिलेच्या संघातली." मी ते ऐकलं आणि मला गोड वाटलं.

संध्याकाळी घरी सांगितलं. सैतकालीनं टाळी वाजवली. अनेल वाजवेना. तुला माहीत नसेल, ती एकवीस वर्षांची आहे, खेळांसाठी दुभाषी म्हणून राबतेय, गळ्यात तो पट्टा घालून घरातसुद्धा फिरते. लहानपणापासून तुझी चाहती. मी तालमीला जायला लागले तेव्हापासून माझ्या मागे होती, "आई, बगिला आपा आल्या की माझी ओळख करून दे ना." तिनं चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "त्यांनी कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं. पण पडली असती म्हणजे?"

"मग आधी त्यांना विचारायचं होतंस. मग दौरेनला सांगायचं."

"वेळ कुठं होता?"

"आई, तू त्यांना पत्रं लिहितेयस. गाडी रोज जाते."

मी पेले उचलून धुवायला गेले.

आता जे लिहिते ते दोन्ही खरं आहे. मी तुझ्या काळजीनं सांगितलं, हे खरं. गेले चार दिवस जिना दिसला तरी मला तुझा पाय दिसायचा. आणि दौरेनच्या खोलीतून बाहेर पडताना दाराच्या काचेत मला माझं तोंड दिसलं. ते हसत होतं. हेही खरं.

मला तुला बावीस वर्षं एकच विचारायचं होतं, की तू का सांगितलंस. आता तो प्रश्न नको. आता एवढंच सांग: त्या सकाळी अर्नोल्ड याकोव्लेविचच्या खोलीतून बाहेर पडलीस, तेव्हा तुझं तोंड कसं होतं?

कुल्याश


अल्माती, २८ जानेवारी

बगिला,

हे पत्र अनेल तुला उद्या स्टेशनवर देईल. तिच्या पट्ट्यावर नाव आहे, तरी ओळखशीलच. नाक माझं आहे.

तुझं पत्र काल आलं. मला वाटलं होतं शिव्या असतील. निदान पाच-सहा तरी. तू लिहिलंस:

"हसत होतं. मग मी न्हाणीघरात जाऊन ओकले. मग पळाले, आणि चांगली पळाले. तुझ्या पोटातल्या जिवाची मला भीती वाटत होती, अगदी मनापासून. आणि तुझी जागाही मला हवी होती. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, ते मी इतकी वर्षं वेगळं काढायला बघतेय. निघत नाही. तुझं निघालं तर मला कळव. माझं तिकीट काढलेलं आहेच, ते वाया कशाला घालवू? बघायला येते. तुझ्यासाठी नव्हे. ती पोरगी केवढी झाली ते बघायचंय."

वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसले. सैतकाली घाबरला, त्याला वाटलं कुणी गेलं. मी रडत होते, पण मला राग आला होता. बगिला, बावीस वर्षं मी तुला दगडाची समजत होते. दगडाचा द्वेष करणं सोपं असतं. तू ओकलीस, हे तेव्हा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

आणि माझी पोरगी बघायला येतेस! माझ्यासाठी नव्हे! पदक तुझं, फोटो तुझा, आता पोरगीही थोडी तुझीच का? ती कालपासून केस धुऊन तयारीत आहे. माझ्या सोहळ्यासाठी नाही हो, तुझ्या गाडीसाठी. माझी आई मशाल घेऊन चढणार म्हणून तिनं एकदा माझ्या गालाचा मुका घेतला, झालं. तुझ्यासाठी मात्र घोड्याच्या मांसाची ताजी कझी आणवलीय बाजारातून.

आज दुपारी मनात आलं, दौरेनकडे जाऊन म्हणावं, ती साठ सपाट पावलं तरी बगिलाला दे. काठी टेकत चालेल. पायरीशी मशाल माझ्या हातात देईल. मी त्याच्या दारापर्यंत गेले. मग वाटलं, साठ पावलं ती चालली की लोक तिलाच बघतील, आणि नंतर जी चढेल तिच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. मागे फिरले. लिहून ठेवतेय, म्हणजे मी आता चांगली बाई झालेय असा गैरसमज नको.

तुझी जागा नवव्या रांगेत, अनेलच्या शेजारी. गुडघ्यावर घ्यायला घोंगडी तिच्याकडे दिलीय. वारा डोंगराकडून येतो.

कुल्याश


अल्माती, ३१ जानेवारी

बगिला,

तू मला न भेटता गेलीस म्हणून मी परवा रात्रीपासून तुला बोल लावत होते. आज सकाळी अनेलनं सगळं सांगितलं. मोठी माणसं मोटारींत बसेपर्यंत आम्हा सगळ्यांना आत कोंडून ठेवलं होतं, आणि तू तासभर त्या दाराबाहेर काठीवर उभी होतीस. शेवटी पाय उचलेना, तेव्हा अनेलनंच तुला जबरदस्तीनं हॉटेलवर नेलं, आणि काल पहाटे तुझी गाडी होती. ते पहारेकरी मला पुन्हा भेटोत, बघतेच त्यांच्याकडे.

तू सगळं पाहिलंस, तरी माझ्याकडून ऐक.

साठ पावलं मला आठवत नाहीत. पायऱ्या आठवतात. मी पळाले, बगिला. तालमीत चालत होते, पण त्या दिवशी पाय आपोआप पळाले. फिनलंडच्या त्या पाच किलोमीटरांतलं थोडंसं मला मिळालं असं वाटलं, चौऱ्याण्णव पायऱ्यांइतकं. बत्तिसाव्या पायरीवर थांबायचं मी विसरलेच. कॅमेरावाला अजून रागावलाय. वर ग्रिगोरी "हं" म्हणाला, आणि पुढे स्वतःहून हळूच, "चला, आपा." मी मशाल टेकवली. ज्वाळा अशी उसळली की भुवया चरचरल्या.

आणि त्याच क्षणी भोंग्यातून आवाज आला. तुझं नाव. आधी कझाकमध्ये, मग रशियनमध्ये, मग इंग्रजीत. बगिला, बगिला, बगिला. पाठोपाठ मैदानातली सगळी माणसं उठून उभी राहिली आणि तेच नाव ओरडायला लागली.

दौरेननं यादी तीन ठिकाणी बदलली होती. निवेदकाच्या हातातला कागद चौथा होता.

मी वर उभी होते, पाठीमागे आग, आणि खाली अख्खं शहर तुझं नाव घेत होतं. काय करणार? हात हलवला. बराच वेळ हलवला. मनात काय काय आलं ते या कागदावर मावणार नाही आणि डब्याच्या बाईला वाचू द्यायचं नाही. दौरेन नंतर माझ्यापुढे अक्षरशः रडला. मीच त्याच्या डोक्यावर टोपी घातली. काल वर्तमानपत्रात माझा फोटो आला, खाली नाव तुझं. सैतकालीनं ते पान घडी करून ठेवलंय, म्हणतो दुरुस्ती छापून येईल. येईल तेव्हा येईल.

काल दिवसभर मी खोलीचं दार लावून पडून होते. आज सकाळी अनेल चहा घेऊन आली आणि पलंगावर बसून म्हणाली, "आई, वर तुला काही ऐकू आलं का?"

"ऐकू आलं की. बगिला, बगिला."

"ते नव्हे." मग तिनं सांगितलं. तुझं नाव पुकारल्याबरोबर तू ताडकन उठलीस, घोंगडी खाली पडली, आणि काठी रेलिंगवर आपटत तू ओरडायला लागलीस, "कुल्याश! अरे ती कुल्याश आहे!" मागचा माणूस म्हणाला, "आजी, खाली बसा, दिसत नाहीये." तू त्याच्यावर उलटलीस, "आजी कुणाला म्हणतोस? डोळे फुटलेत का तुझे? ती बगिला नाहीये!" तो म्हणाला, "मग बगिला कोण?" तू छातीवर हात मारून म्हणालीस, "बगिला मी आहे!" आणि सगळी रांग हसली. तो म्हणाला, "हो हो, आणि मी या मुलखाचा खान आहे." कुणीतरी तुझ्या हातात गरम चहा दिला, बाईला थंडी बाधलीय म्हणून.

तरी तू बसली नाहीस म्हणे. सगळे तुझं नाव ओरडत होते आणि तू एकटी माझं. घसा बसेपर्यंत.

मी अनेलकडून हे तीन वेळा सांगून घेतलं. चौथ्यांदा ती कंटाळली. म्हणाली, "त्यांनाच विचार ना, नंबर चालू करून देते." दिलाय तिनं चालू करून. पण फोनवर नको. मे महिन्यात ये. इथं गुडघ्याचा एक चांगला डॉक्टर आहे, अनेलनं वेळ घेऊन ठेवलीय. आमच्याकडेच उतर. आल्यावर आधी चहा घे, हवं तर माझ्या पोरीशी गप्पा मार, मी स्वयंपाकघरात धुसफुसत बसेन. मग अंगणात उभी राहा आणि जसं ओरडलीस तसं एकदा ओरड. मला वर काहीच ऐकू आलं नव्हतं गं.

कुल्याश